बाळंतपणासाठी इस्पितळ कसे निवडावे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे : बाळंतपण कोणत्या इस्पितळात करावे. गोव्यात जवळपास प्रत्येक प्रसूती इस्पितळातच होते, त्यामुळे घरी की इस्पितळात हा प्रश्न आपल्याकडे उरलेला नाही. मात्र पर्याय अनेक असल्यामुळे निवड अवघड झाली आहे आणि ती पुष्कळदा ऐकीव माहितीवर केली जाते. म्हणून आजचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी फोंड्याला राहते. पहिलीच खेप असून पाचवा महिना चालू आहे. आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आहेत. मैत्रिणीने तिच्या ओळखीचे एक खासगी इस्पितळ सुचवले आहे. खोल्या स्वच्छ आहेत, डॉक्टर वेळ देऊन बोलतात. एवढे पुरेसे आहे का?

डॉक्टर वेळ देऊन बोलतात ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. परंतु इस्पितळाची खरी परीक्षा दुपारच्या तपासणीत होत नाही. ती रात्री दोन वाजता, कळा सुरू असताना बाळाचे ठोके अचानक मंदावले तर होते. त्या वेळी इमारतीत प्रत्यक्ष कोण असेल, हा तुमचा पहिला प्रश्न असावा. प्रसूतितज्ज्ञ आत असतात की घरून येतात, भूलतज्ज्ञ कुठून येतात आणि त्यांना पोहोचायला किती वेळ लागतो, निर्णय झाल्यापासून सिझेरियन सुरू होईपर्यंत साधारणपणे किती मिनिटे जातात, हे सरळ विचारा. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बाहेरून येणे यात गैर काही नाही; पण ते फोंड्यातूनच येणार की पणजीहून, याचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक असले पाहिजे.

दुसरा प्रश्न रक्ताचा. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव कोणतीही पूर्वसूचना न देता, पूर्णपणे निरोगी स्त्रीलाही होऊ शकतो आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर दोन-तीन तासांत जिवावर बेतते. इस्पितळाची स्वतःची रक्तपेढी नसेल तर रक्त कुठून आणतात, रात्री कोण आणते आणि तुमचा रक्तगट दुर्मीळ असेल तर आधी काय तजवीज करतात, हे विचारण्यात संकोच नसावा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातील आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतरच्या 72 तासांतील अँटी-डी इंजेक्शनाची (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून ते देतात) सोय तिथे आहे ना, याचीही खात्री करून घ्या.

तिसरा प्रश्न बाळाचा. सुमारे दहा नवजात बालकांपैकी एकाला पहिला श्वास घेण्यासाठी थोडीफार मदत लागते. ती देण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती प्रत्येक प्रसूतीला हजर असते का, आणि बाळाला अतिदक्षता विभागाची गरज पडली तर ते कुठे हलवतात? या प्रश्नांवर जे डॉक्टर न चिडता, नेमकी उत्तरे देतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. ‘तुम्ही कशाला काळजी करता’ एवढेच उत्तर मिळाले तर मला ते पुरेसे वाटणार नाही.

सिझेरियनच्या प्रमाणाबद्दलही जरूर विचारा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातील सुमारे 40 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते; देशाचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. मात्र केवळ आकड्यावरून इस्पितळ चांगले किंवा वाईट ठरवू नका. ज्या इस्पितळाकडे गुंतागुंतीच्या केसेस बाहेरून पाठवल्या जातात, तिथले प्रमाण वाढलेलेच असणार. म्हणून प्रश्न असा विचारावा : पहिलटकरीण, एकच बाळ, डोके खाली, दिवस पूर्ण भरलेले, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा माझ्यासारख्या स्त्रियांपैकी किती जणींचे तुमच्याकडे सिझेरियन होते?

तुमची प्रकृती पाहता खासगी इस्पितळ, फोंड्याचे सरकारी उपजिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ), यांपैकी कुठेही तुमची प्रसूती सुरक्षित होऊ शकते. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत दोन ठिकाणे स्वतः पाहून या, आणि गुंतागुंत झाल्यास पुढे कुठे जायचे हेही त्याच वेळी ठरवा.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणात सिझेरियन झाले, त्याला तीन वर्षे झाली. आता सातवा महिना आहे. मडगावच्या डॉक्टरांनी या वेळीही सिझेरियनच करावे लागेल असे सांगून तारीखही दिली. मला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा आहे. इस्पितळ बदलणे हा अविश्वास ठरेल का?

अजिबात ठरणार नाही. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे आणि समंजस डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत. पण दुसरे मत घेण्यापूर्वी एक कागद हाती असणे आवश्यक आहे : पहिल्या प्रसूतीचा डिस्चार्ज कागद आणि मिळाल्यास शस्त्रक्रियेची नोंद. पोटावरची खूण आडवी आहे म्हणजे गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असे नाही. गर्भाशयावर उभा छेद घेतलेला असेल तर कळा येऊ देणे धोक्याचे असते आणि मग सिझेरियन हाच योग्य मार्ग ठरतो. पहिले सिझेरियन कशासाठी झाले हेही महत्त्वाचे आहे. बाळ पायाळू होते म्हणून झाले असेल आणि या वेळी डोके खाली असेल, तर परिस्थिती पुष्कळ अनुकूल आहे. कळा पूर्ण येऊनही बाळ खाली सरकले नाही म्हणून झाले असेल, तर यशाची शक्यता काहीशी कमी होते, पण संपत नाही.

योग्य निवड केलेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियननंतरचा नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न साधारण चारपैकी तिघींच्या बाबतीत यशस्वी होतो. जुन्या टाक्याच्या ठिकाणी गर्भाशय फाटण्याचा धोका सुमारे दोनशे स्त्रियांमागे एकीला असतो. तो लहान असला तरी घडल्यास हाताशी मिनिटेच असतात. म्हणूनच हा प्रयत्न कुठे करायचा हा प्रश्न इथे निर्णायक आहे. चोवीस तास तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, तयार शस्त्रक्रियागृह आणि रक्त ही चारही गोष्टी एकाच छताखाली असतील आणि कळांच्या काळात बाळाच्या ठोक्यांवर अखंड लक्ष ठेवले जात असेल, तरच तो करावा. तुमच्या डॉक्टरांच्या इस्पितळात यांतील एखादी गोष्ट नसेल, तर त्यांचा नकार हा प्रामाणिक नकार आहे, आणि तो तसाच समजून घ्यावा. त्यांना थेट विचारा : हा निर्णय माझ्या प्रकृतीमुळे आहे की इथल्या सोयींमुळे? उत्तर ‘सोयींमुळे’ असेल तर मोठ्या इस्पितळात नाव नोंदवण्याची वेळ हीच आहे. नवव्या महिन्याच्या शेवटी नव्या डॉक्टरांकडे जाणे दोघांनाही अवघड जाते.

तुम्हाला आणखी मुले हवी असतील तर तेही बोलून दाखवा. प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या खेपेस वार गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुजण्याचा धोका वाढत जातो, आणि हे गणित आजच्या निर्णयात धरले पाहिजे.

प्रश्न : आम्ही साखळीचे. पत्नीला 33 वा आठवडा चालू असून रक्तदाब वाढला आहे, लघवीत प्रथिनेही आढळली. डॉक्टरांनी बांबोळीला जाण्यास सांगितले. तिथे गर्दी फार असते, म्हणून घरची मंडळी जवळच्याच खासगी इस्पितळात ठेवा असे म्हणतात. काय करावे?

बांबोळीला न्यावे, आणि हे वाचत असताना अजून नेले नसेल तर आजच न्यावे. वाढलेला रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने ही प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे आहेत. त्यात झटके येऊ शकतात, यकृत आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, आणि आईला वाचवण्यासाठी बाळ दिवस भरण्यापूर्वीच बाहेर काढावे लागू शकते. तेहेतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला नवजात अतिदक्षता विभाग लागण्याची शक्यता दाट असते. बाळ जन्मल्यानंतर त्याला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच योग्य ठिकाणी पोहोचवणे कितीतरी सुरक्षित आहे. शिवाय प्रसूती लवकर करावी लागण्याची चिन्हे असतील तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात आणि त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे 24 तास हवे असतात. कुटुंबाच्या चर्चेत गेलेला एक दिवस हा त्या बाळाच्या हक्काचा दिवस असतो.

गर्दीबद्दलची तक्रार खरी आहे. खाटेशेजारी नातेवाइकांना बसायला जागा नसते, प्रत्येक वेळी वेगळे डॉक्टर भेटतात, बोलायला वेळ कमी मिळतो, आणि धास्तावलेल्या बाईला हे सारे जड जाते. पण या आजारात लागणारे प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी तिथे रात्रंदिवस एकाच आवारात आहेत. जिच्या बाबतीत काही बिघडण्याचा संभव अधिक, तिच्यासाठी ही सोय खासगी खोलीपेक्षा मोलाची आहे. जवळचे खासगी इस्पितळ हे सर्व देऊ शकत असेल आणि तसे स्पष्ट सांगत असेल तर गोष्ट वेगळी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर घरच्या गाडीची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

प्रश्न : काणकोणहून लिहिते आहे. दुसरी खेप, डॉक्टर मडगावचे. घरून निघायचे केव्हा?

काणकोणच्या चावडी गावाहून मडगाव सुमारे 40 किलोमीटर आहे, वाटेत करमल घाट आहे आणि पावसाळ्यात रात्रीचा प्रवास आणखी लांबतो. दुसऱ्या खेपेस कळा पहिल्यापेक्षा पुष्कळ वेगाने पुढे जातात. त्यामुळे ‘पाच-पाच मिनिटांनी कळा आल्या की निघा’ हा सर्वसाधारण नियम तुमच्यासाठी उशिराचा आहे. कळा नियमित होत आहेत असे वाटताच निघा, आणि खोट्या कळा निघाल्या तर परत येण्याचा कमीपणा मानू नका. मडगावात कुणी आप्त असतील तर अडतिसाव्या आठवड्यापासून तिथे राहणे उत्तम. पाणी गेले तर वेळ आणि रंग लक्षात ठेवा. पाणी हिरवट असेल, लाल रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल तर कळांची वाट पाहूच नका. आणि कळा फार जवळ आल्या, खाली जोर येऊ लागला, तर घाटात शिरण्याऐवजी काणकोणच्या सामाजिक आरोग्य केंद्रात थांबावे. दिवाडी किंवा चोडण बेटावरच्या वाचकांनीही रात्रीच्या फेरीबोटीचे वेळापत्रक आणि पर्यायी वाहन आधीच पाहून ठेवावे.

प्रश्न : सुनेचे माहेर सावंतवाडीला, आम्ही म्हापशाचे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे अशी तिची आणि तिच्या आईची इच्छा आहे. तपासण्या इथे आणि प्रसूती तिथे, हे चालेल का?

चालेल, आणि तिला आईजवळ राहावेसे वाटते याचा मान राखावा. मात्र माहेरी जाणे नवव्या महिन्यावर ढकलू नका. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास जाऊन तिथल्या डॉक्टरांनी निदान तीन-चार वेळा तिला तपासलेले असावे. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही व कावीळ ब यांचे अहवाल आणि सर्व सोनोग्राफी माता-बाल संरक्षण कार्डासह एका फाईलमध्ये सोबत द्या. गर्भारपणात काही गुंतागुंत असेल तर विचार बदलावा लागेल, कारण सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णांना पुष्कळदा बांबोळीलाच आणावे लागते. मग तो प्रवास ऐन संकटात करण्यापेक्षा आईनेच म्हापशाला येऊन राहणे बरे. विहीणबाईंना तसे आपुलकीने बोलवा.

प्रश्न : खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

सरकारी इस्पितळात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार, जो 2011 पासून लागू आहे, प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, इस्पितळातील आहार आणि ने-आण मोफत असणे अपेक्षित आहे. खासगी इस्पितळात नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन या दोन्हींचे अंदाजपत्रक लेखी मागा, आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागल्यास रोजचा खर्च किती, हे वेगळे विचारा. कुटुंबांचे हिशेब बहुधा तिथेच कोलमडतात. आरोग्य विम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो गर्भधारणेपूर्वीच तपासलेला बरा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर त्यातून नेमके काय मिळेल, याची चौकशी त्या इस्पितळाच्या कार्यालयात दाखल होण्याआधी करावी.

प्रश्न : प्रसूतिकक्षात मला एकटीने राहण्याची फार भीती वाटते. कुणाला सोबत घेता येते का?

येते. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी इस्पितळांत कळांच्या काळात सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे; ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक असावी, आणि जिथे इतर स्त्रियांचा आडोसा राखला जातो तिथे पतीलाही परवानगी देता येते. हा केवळ मायेचा प्रश्न नाही. सतत कुणीतरी जवळ असले तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनची गरजही घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रत्यक्षात ही मुभा प्रत्येक ठिकाणी सारखी मिळत नाही, म्हणून तुमच्या इस्पितळाचा नियम आठव्या महिन्यातच विचारा आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीला एका तपासणीला बरोबर न्या, म्हणजे परिचारिकांची आणि तिची ओळख होईल. आई की सासूबाई, नणंद की नवरा, हे मात्र तुम्हीच ठरवा. जिचा किंवा ज्याचा हात धरल्यावर तुम्हाला धीर येतो, त्याच व्यक्तीचे नाव द्या आणि ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा.