पडद्याच्या शस्त्रक्रियेआधी केसपेपर वाचा

चेंडू लागून कानाच्या पडद्याला छिद्र पडले असताना विमा कंपनीने टिंपॅनोप्लास्टीसाठीचा (पडदा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेसाठीचा) आपला कॅशलेस अर्ज 'पूर्वीपासूनचा आजार' म्हणून फेटाळला, हे आपण लिहिलेले वाचून मला माझेच दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. स्वतः भोगले तेवढेच सांगतो.

माझ्या कानावर व्हॉलीबॉलचा फटका बसला होता आणि तीन महिने वाट पाहूनही छिद्र भरले नव्हते. तपासणीच्या वेळी निवासी डॉक्टरांनी विचारले म्हणून 'लहानपणी एकदा कान फुटला होता' असे मी सांगितले, आणि त्यांनी केसपेपरवर 'लहानपणापासून कान फुटतो' अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत लिहिली. ती न वाचताच मी कागद पुढे पाठवले, हीच माझी सर्वांत महागात पडलेली चूक. कंपनीच्या कार्यालयाने त्या ओळीवर बोट ठेवले आणि त्यानंतर प्रत्येक फोनला 'फाइल तपासणीत आहे' एवढेच उत्तर दिले. या खेपांमध्ये पाच आठवडे गेले, मला सर्दी झाली, कोरडा असलेला कान पुन्हा वाहू लागला आणि तो कोरडा होईपर्यंत शस्त्रक्रिया आणखी दोन महिने पुढे गेली.

म्हणून माझे ठाम मत आहे की केसपेपर तिथल्या तिथे वाचावा. काहीही लपवू नये, मात्र चुकीची नोंद डॉक्टरांकडून सही आणि तारखेसह दुरुस्त करून घ्यावी. दुखापतीनंतरच्या पहिल्या तपासणीचा कागद आणि ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा, अहवाल अर्जाला जोडावा. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, आणि मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. पॉलिसीत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, असू शकतो, तोही आधी पाहावा.

शस्त्रक्रियेची फार धास्ती घेऊ नका. माझ्या कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ पडद्याला लावले. त्यानंतर मात्र नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे आणि अंघोळीच्या वेळी कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा, असे मला बजावले होते. आपले डॉक्टर सांगतील ते अर्थातच अंतिम.

आपल्या केसपेपरवर नेमके काय लिहिले आहे, ते आज पाहून कळवाल का?