टर्मिनल काढून ठेवणे ही दुरुस्ती नव्हे

तुमची जुनी पिकअप तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, मेकॅनिकने रोज रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायला सांगितले आहे, आणि त्याऐवजी बॅटरीची जोडणी तोडणारा कट-ऑफ स्विच बसवला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. स्विचकडे मी नंतर येतो, कारण नेमका हाच सल्ला माझ्या थोरल्या भावाने मला दिला होता आणि त्यापायी आमच्या पिकअपच्या बॉनेटखाली दहा नंबरचा पाना दोन वर्षे मुक्कामाला होता.

दादाचे निदान पहिल्या दिवसापासून ठरलेले होते: मी हौसेने बसवलेला गाण्यांचा टेप बॅटरी खातो. त्या दोन वर्षांत एक बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली आणि दुसरी विकत आणावी लागली. दर वेळी नवी बॅटरी घातली की गाडी काही महिने निमूट चालू होई, त्यामुळे दोष बॅटरीचाच होता असे सगळ्यांना वाटे. वास्तविक नव्या बॅटरीची क्षमता पुरेपूर असल्यामुळे ती गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही वाया जाणारा करंट, काही काळ सोसते एवढेच. वारंवार निम्म्याखाली उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी झपाट्याने म्हातारी होते आणि मग तीच गळती तिला झेपत नाही. या सगळ्या काळात करंट किती जातो हे कोणीही मोजले नव्हते, आणि त्या ‘कोणीही’त मी स्वतःही आलो.

शेवटी एका सकाळी मी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून, मल्टिमीटरची वायर दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून, तो केबल आणि बॅटरी यांच्या मधोमध जोडला. दार उघडे ठेवून कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद केली आणि दाराचे बटण दाबून चिकटपट्टीने बसवले, म्हणजे आतला दिवा मोजमापात येणार नाही. बॉनेटचा दिवाही काढला. (मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नये. मी फिरवली होती, आणि मीटरचा फ्यूज गेला.) आकडा आला 430 मिलिअँपिअर. पन्नासच्या आत असता तर मी गप्प बसलो असतो. पण 430 म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तासांहून जास्त, म्हणजे साठ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी.

त्यानंतर दादाच्या देखत मी एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशबोर्डखालचे संपले, बॉनेटमधले संपले, टेप तर केव्हाच बंद झाला होता, तरी मीटर 350 वर ठाम होता. बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि टर्मिनल काढायच्या पान्याकडे वळतात, कारण फ्यूज संपले की तपास संपला असे त्यांना वाटते. पण अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, जाड वायर आतल्या छोट्या फ्यूजांतून जात नाही. ती जवळपास थेट बॅटरीला भिडलेली असते आणि तिच्यात सदैव करंट असतो. म्हणून आधी बॅटरी पूर्ण सोडवून, मग ती वायर अल्टरनेटरवरून काढून, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मी मीटर पुन्हा जोडला, आणि आकडा शून्याला टेकला. अल्टरनेटरच्या रेक्टिफायरमधल्या डायोडांनी, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांनी, उलटा प्रवाह अडवणे सोडून दिले होते. इंजिन चालू असताना हाच अल्टरनेटर 14.1 व्होल्ट देत होता, आणि त्या आकड्यावरून एका वायरमनने तो ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला होता. चार्जिंग तपासणे आणि गळती तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यालाही कळायला हवे होते. रेक्टिफायर बदलला आणि विषय मिटला.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, मीटर न लावता जो ‘आधी बॅटरी बदलून बघू’ म्हणतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. मात्र मोजण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून, टर्मिनल सोडून एक रात्र ठेवावी; सकाळी ती 12.6 व्होल्टच्या आसपास न राहता 12.3 वर आली असेल, तर दोष तिच्यातच आहे आणि माझे वरचे सारे पुराण तुमच्या कामाचे नाही. गाडीत कॉम्प्युटर असतील तर ते झोपी जायला अर्धा तास द्यावा, आणि फ्यूज उपसण्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट पाहावेत (ते दिसले तर त्या फ्यूजमधून करंट जातो आहे), कारण फ्यूज काढून घातला की कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात.

कट-ऑफ स्विच चालेल. घड्याळ आणि रेडिओची स्टेशने दर वेळी पुसली जातील, आणि इंजिन चालू असताना तो चुकूनही बंद करू नये, नाहीतर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जाऊ शकतो. पण गळती तशीच ठेवून स्विच बसवणे म्हणजे दादाच्या पान्याला मूठ बसवणे होय.

एक गोष्ट राहिली. टेपचा फ्यूज काढला तेव्हा आकडा 430 वरून 375 वर आला होता. चावीशिवाय गाणी लागावीत म्हणून मी टेपच्या लाल आणि पिवळ्या दोन्ही वायरी कायम करंट असलेल्या वायरला जोडल्या होत्या, त्यामुळे तो कधी पूर्ण बंदच होत नव्हता. दादाने तो आकडा पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. मी पुढचा फ्यूज पटकन ओढला. लाल वायर मी नंतर, तो घरी नसताना, इग्निशनवर घेतली.