वाचक विचारतात : गिरणीतली घरं आणि पतपेढीचा पैसा

प्रश्न : मी लालबागचा. वडील गिरणीत साच्यावर होते. यंदा मुलीकडे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला गेलो तेव्हा तिने ग्रीन्सबरोची रिव्होल्यूशन मिल दाखवली. जुनी कापडगिरणी, विटांच्या भिंती तशाच आणि आत चक्क लोक राहतायत. जावई म्हणाला हे एका क्रेडिट युनियनने केलंय. म्हणजे आपली पतपेढीच ना? तिच्याकडे एवढा पैसा आला कुठून, आणि साध्या माणसाला परवडतील अशी घरं यातून होतात का?

उत्तर : काका, जावई बरोबर बोलला. ती सेल्फ-हेल्प, डरहॅमची संस्था. 1980 ला सुरू झाली आणि 1984 मध्ये त्यांनी क्रेडिट युनियन काढली तेव्हा पहिलं भांडवल होतं 77 डॉलर, तेही घरचे केक-बिस्किटं विकून जमवलेले. रिव्होल्यूशन मिलमध्ये फ्लॅनेल विणायचे, 1982 ला ती बंद पडली आणि 2012 मध्ये सेल्फ-हेल्पने ताब्यात घेतली. मोठ्या बँका जिथे जात नाहीत अशा वस्त्यांना कर्ज देणाऱ्या असल्या सावकारांना (चांगल्या अर्थाने!) तिकडे सीडीएफआय म्हणतात, 1994 च्या कायद्याने त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा फंडही आहे.

पण अशा गिरण्या नुसत्या ठेवीदारांच्या पैशावर उभ्या राहत नाहीत. खरी मेख टॅक्समध्ये आहे. ऐतिहासिक म्हणून नोंद झालेली इमारत नीट दुरुस्त केली आणि ती भाड्याने वगैरे कमाईसाठी वापरली, तर दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या 20 टक्के रक्कम मालकाच्या केंद्रीय करातून वजा होते. समजा 1 कोटी डॉलर खर्च झाला तर 20 लाखांची सूट. मालकाला एवढा टॅक्स बसतच नसतो, म्हणून तो एखाद्या बँकेला किंवा कंपनीला भागीदार करून घेतो, ती कंपनी सूट घेते आणि बदल्यात प्रोजेक्टमध्ये पैसे टाकते.

आता गंमत बघा, ही सूट इमारत तयार होऊन वापरात आल्यावरच सुरू होते, आणि 2017 च्या कायद्यानंतर तर एकदम मिळत नाही, पाच वर्षांत पाच हप्ते, म्हणजे आपल्या हिशोबात वर्षाला 4 लाख. आणि खर्च? तो पहिल्या दिवसापासून. आर्किटेक्ट, जुन्या रंगातलं शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, गळकं छप्पर. मोठी बँक म्हणते इमारत पडकी, दुरुस्तीला जेवढे पैसे लागणार तेवढी तर तिची तयार झाल्यावरही किंमत नाही, मग तारण काय घेऊ. इथे अशी सीडीएफआय उभी राहते, आधीच्या कागदपत्रांसाठी कर्ज देते, नंतर सूट येईपर्यंत मधला काळ भरून काढणारं कर्ज देते. एकूण खर्चात तिचा वाटा लहान असेल, पण तो सगळ्यात आधीचा आणि सगळ्यात जोखमीचा. माझ्या मते खरं काम तेच.

परवडण्याचं विचारलंत ते महत्त्वाचं. ह्या ऐतिहासिक सुटीत भाड्यावर काही बंधन नाही, इमारत वाचली म्हणून घर स्वस्त होत नसतं. त्यासाठी 1986 ची दुसरी सूट जोडावी लागते, कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांची. साधारण त्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांना घर, भाड्याला मर्यादा, आणि हे बंधन निदान 30 वर्षं. दोन्ही सुटी एका इमारतीत बसवणं म्हणजे वकिलांची दिवाळी.

आणि खिडक्या! ऐतिहासिक इमारतींचं कामही बघणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या तिथल्या केंद्रीय खात्याची माणसं सुटीसाठी आराखडा तपासतात. गिरणीची खिडकी उंच, त्यामुळे खोल्या पाडताना पार्टिशनची भिंत खिडकीच्या मधोमध आणून टेकवली किंवा फॉल्स सीलिंगने वरचा भाग झाकला की आराखडा परत. विटा साफ करायला वाळूचा मारा केला तरी गडबड, कारण विटेची भाजलेली वरची कातडीच निघते.

आपल्याकडचं दुखणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे होते, 2001 च्या बदलाने ते फक्त मोकळ्या जागेपुरते उरले, 2006 ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. चाळ पाडली की जादा एफएसआय (त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी), मग राखेल कोण. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सोसायट्यांना स्वयंपुनर्विकासाला कर्ज देते, बिल्डरशिवाय काम होतं हे चांगलंच आहे, पण तिथंही जुनं पाडूनच नवं बांधतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. असल्या संस्थेत थोडे पैसे ठेवावेत असं वाटतं, बुडणार नाहीत ना?

उत्तर : ताई, कुठे ठेवताय ते आधी बघा. क्रेडिट युनियन केंद्र सरकारच्या विम्याखाली असेल तर सभासदाच्या ठेवीला 2,50,000 डॉलरपर्यंत संरक्षण असतं. पण बऱ्याच सीडीएफआय बँकही नसतात आणि क्रेडिट युनियनही, त्या नुसता कर्जनिधी चालवतात आणि लोकांकडून रोख्यांवर पैसे घेतात, त्याला विमा नाही. फॉर्मवर ठेव लिहिलंय की नोट (म्हणजे हाच रोखा), एवढं वाचूनच सही करा.