अकरा सायटेशन्स

प्रिय,

काल मायक्रोस्कोपच्या खोलीत तू मोबाइल पुढे केलास आणि म्हणालीस, "मॅडम, तीन वर्षांत माझ्या पेपरला फक्त अकरा सायटेशन्स, म्हणजे अकराच पेपरांनी संदर्भ दिलाय." तेव्हा पेशी इन्क्युबेटरबाहेर काढलेल्या होत्या, म्हणून बोलणं राहिलं. तुझा चेहरा मात्र रात्रभर डोळ्यांसमोर होता.

ज्या ऑटोफॅजीवर, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवण्यावर, तू काम करतेस, तिची गोष्ट आधी ऐक. योशिनोरी ओसुमींना स्वतःची लॅब मिळाली १९८८ मध्ये, टोकियो विद्यापीठात. वय ४३. यीस्टच्या व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, फारसा कुणाला रस नव्हता, म्हणून त्यांनी तोच विषय धरला. व्हॅक्युओलमधली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. आत आलेलं पचेना, साचत गेलं, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली व्हॅक्युओलमध्ये गोळ्या थरथरताना दिसू लागल्या. ते काम १९९२ मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी जनुकातल्या बदलामुळे ऑटोफॅजी बिघडलेल्या यीस्टचा, म्हणजे म्युटंट्सचा, पेपर आला 'फेब्स लेटर्स'मध्ये. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, पाहून जर्नल निवडणारे आज ते नाव यादीत वर ठेवणार नाहीत. त्या काळी या विषयावर वर्षाला मोजकेच पेपर निघत, मग संदर्भ देणार कोण? २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं, त्याचा पाया याच कामाचा.

तुला नोबेल मिळेल असं मी म्हणत नाही. सायटेशन आधी त्या विषयातली गर्दी मोजतं, एवढंच सांगतेय. आणि वापर मोजतं. लाउरी यांचा १९५१ चा प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा पेपर घे: ३ लाखांहून जास्त सायटेशन्स. प्रोटीन मोजायला तू दर आठवड्याला ब्रॅडफर्डची पद्धत वापरतेस, तिचा पेपरही त्याच रांगेतला. पद्धत रोज लागते, म्हणून संदर्भ रोज दिला जातो.

इम्पॅक्ट फॅक्टर तर जर्नलचा असतो, तुझा नाहीच. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. चार गाजलेले पेपर ही सरासरी वर ओढतात आणि बाकीचे तिच्या सावलीत उभे राहतात. याविरुद्ध आपल्याच क्षेत्रातली माणसं बोलली, याचा मला अभिमान आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या वार्षिक अधिवेशनात 'डोरा' जाहीरनाम्याची सुरुवात झाली: संशोधकाची पारख जर्नलच्या आकड्यावरून करू नका.

तरी करतात. एका मुलाखतीत माझ्या सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून तक्ता समोर ठेवला होता, आणि एकाही प्रयोगाबद्दल प्रश्न आला नाही. तो अपमान अजून आठवतो. म्हणून आकड्यांकडे पाठ फिरव असं मी सांगणार नाही. तुझी नोंद चोख ठेव. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, आजच काढ. आपल्याकडे हे फार गरजेचं आहे. आडनाव आणि आद्याक्षर एवढ्यावर शोधलं तर पाटील, जाधव, कुलकर्णी ढिगाने निघतात. कुणाचे पेपर कुणाच्या नावावर चढतात. उद्या लग्नानंतर आडनाव बदललंस, तर आधीचं काम वेगळ्याच बाईचं दिसेल. माझ्या वर्गातल्या दोघींचं तसं झालंय. दुसऱ्यांचे पेपर तुझ्या प्रोफाइलवर आले असतील तर काढून टाक, एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांच्या संदर्भांवरून ठरणारा तुझा आकडा, खाली आला तरी. आणि पैसे भरले की काहीही छापणाऱ्या जर्नलांच्या ईमेलना उत्तरसुद्धा देऊ नकोस.

रात्री मी ते अकराही पेपर उघडून पाहिले. तीन आपल्याच लॅबचे. सहांनी प्रस्तावनेत, इतरांच्या रांगेत आपलं नाव घेतलंय. एकाने तुझी स्टेनिंगची पद्धत जशीच्या तशी वापरलीय. त्यांना तू स्वतः लिही. अकरावा आपल्या निष्कर्षाच्या विरोधात आहे, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. त्यांनी प्रयोगातल्या प्रत्येक वेळेच्या टप्प्यावर बॅफिलोमायसिनचा, म्हणजे पेशीतलं पचन थांबवणाऱ्या रसायनाचा, कंट्रोल ठेवलाय, आपण फक्त शेवटच्या टप्प्यावर ठेवला होता. ऑटोफॅजीची खूण असलेलं एलसी३ प्रथिन वाढलं ते जास्त तयार झालं म्हणून की पचलं नाही म्हणून, हे आपल्या आकृतीवरून खरंच कळत नाही. ओसुमींनी पचन मुद्दाम थांबवलं होतं, ते याचसाठी.

शुक्रवारच्या जर्नल क्लबला तोच पेपर घे. २०२१ ची तुझी वही आणि प्रथिनं दाखवणाऱ्या पट्ट्यांचे मूळ ब्लॉट्सही घेऊन ये.

तुझी,
मॅडम