बी पेशी आणि टी पेशी एकाच प्रतिजनावर कशा भेटतात?

नांदेडला बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, बी पेशी (प्रतिपिंड तयार करणारी प्रतिकारक पेशी) आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहीने (जुळणारा रेणू पकडणाऱ्या प्रथिनाने) प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते तो पदार्थ, स्वतःच ओळखत असेल तर तिला टी पेशीची, म्हणजे मदत करणाऱ्या दुसऱ्या प्रतिकारक पेशीची, गरज का पडावी. आणि टी पेशी त्याच प्रतिजनाचा निराळा भाग ओळखत असेल तर या दोघींची गाठ पडते तरी कशी? माझ्या मते दुसरा प्रश्न आधी सोडवायला हवा. अंबाजोगाईत हा विषय शिकवताना मी नेहमी पाहतो की विद्यार्थी सायटोकाइनची (पेशी एकमेकींना पाठवतात त्या संकेत-रेणूंची) नावे चोख पाठ करतात, पण नेमका हाच दुवा त्यांच्या हातून निसटतो.

बी पेशी प्रतिजनाला चिकटून तेवढ्यावर थांबत नाही. ग्राहीला अडकलेले प्रथिन ती आत ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि एखादा छोटा पेप्टाइड एचएलए क्लास-२ रेणूवर चढवून पृष्ठभागावर मांडते. साहाय्यक टी पेशीला अखंड प्रथिन कधीच दिसत नाही; तिला हा मांडलेला तुकडाच ओळखता येतो. त्यामुळे दोघींनी ओळखलेले भाग वेगवेगळे असले तरी चालतात, मात्र ते एकाच कणातून बी पेशीच्या आत गेलेले असावे लागतात. प्रतिकारशास्त्रज्ञ लांझावेक्किया यांनी १९८५ मध्ये धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निष्प्रभ केलेल्या विषाला) ओळखणाऱ्या मानवी बी पेशी वापरून हे दाखवले: इतर बी पेशींना जेवढे प्रतिजन लागे, त्याच्या कितीतरी पटींनी कमी प्रतिजन असतानाही या पेशी ते टी पेशींपुढे मांडू शकत होत्या. म्हणजे ज्या बी पेशीचा ग्राही जुळतो, तिलाच मदत मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. त्या टी पेशीला पहिल्यांदा जागे करते ती डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिजन गोळा करून टी पेशींना दाखवणारी पेशी. त्यानंतर लसिका ग्रंथीत टी आणि बी पेशींच्या विभागांच्या सीमेवर दोघींची भेट होते.

आता आपल्याकडचेच उदाहरण घ्या. परभणी-हिंगोलीकडच्या अंगणवाडीत आशाताई बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या) लशीसाठी बोलावतात. त्या लशीतील हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझी टाइप बी) जिवाणूचा घटक म्हणजे शर्करेची साखळी, आणि नुसत्या शर्करेला दोन वर्षांखालील मूल फारच कमकुवत प्रतिसाद देते, कारण शर्करेचा पेप्टाइड होत नाही आणि टी पेशीला दाखवायला काही उरत नाही. म्हणून ती साखळी एखाद्या वाहक प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, रासायनिक बंधाने जोडतात. शर्करा ओळखणारी बी पेशी तिच्याबरोबर प्रथिनही गिळते, त्याचा तुकडा मांडते आणि धनुर्वाताचे प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशीची मदत मिळवते. प्रतिपिंड मात्र शर्करेविरुद्धच तयार होतात. शर्करा आणि प्रथिन न जोडता एकत्र टोचले तर हा लाभ मिळत नाही. हा मुद्दा ज्याला कळला त्याला सगळा विषय कळला, असे मी मानतो.

आता पहिला प्रश्न. पेप्टाइड ओळखल्यावर टी पेशी सीडी४० लिगँड हा रेणू पृष्ठभागावर आणते, तो बी पेशीच्या सीडी४० या ग्राहीला लागतो, आणि जोडीला आयएल-२१, आयएल-४ सारखे सायटोकाइन येतात. या संकेतांमुळेच बी पेशी वाढते, प्रतिपिंडाच्या आयजीएम वर्गाकडून आयजीजी वर्गाकडे वळते, जर्मिनल सेंटरमध्ये (लसिका ग्रंथीतल्या बी पेशी वाढण्याच्या जागेत) आपल्या ग्राहीची पकड सुधारते आणि स्मृतिपेशी मागे ठेवते. दोन निरनिराळ्या पेशींची संमती लागत असल्यामुळे, स्वतःच्याच शरीराला चुकून ओळखणाऱ्या एकट्या बी पेशीला सहसा वाव मिळत नाही. या व्यवस्थेचे मोल मला इथे सर्वाधिक जाणवते.

माणसातला याचा सर्वांत ठोस पुरावा एका जन्मजात आजाराने दिला. एक्स गुणसूत्राशी निगडित हायपर-आयजीएम सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये आयजीएम सामान्य किंवा जास्त असते, पण आयजीजी आणि आयजीए फारच कमी असतात. दोष बी पेशींचा असावा असे वाटत होते. १९९३ मध्ये तो सीडी४० लिगँडच्या जनुकात, म्हणजे टी पेशींच्या बाजूला सापडला. याच मुलांच्या बी पेशींना प्रयोगशाळेत सीडी४० मधून संकेत आणि योग्य सायटोकाइन दिले की त्या प्रतिपिंडाचा वर्ग बदलू शकतात.

परीक्षेत आकृती काढाल तेव्हा बाण दोन्ही दिशांनी काढा: बी पेशीकडून टी पेशीकडे पेप्टाइड आणि एचएलए, टी पेशीकडून बी पेशीकडे सीडी४० लिगँड आणि सायटोकाइन.