पाळी-बाळंतपणाच्या सर्वेक्षणात जात, शिक्षण आणि घरातला कूलर कशाला विचारतात?

तुमचं म्हणणं असं की नागपुरात तुमच्या २२ वर्षांच्या वहिनीकडे प्रजनन आरोग्याच्या सर्वेक्षणाच्या बाई आल्या आणि पाळी, गर्भनिरोधन राहिलं बाजूला, पंधरा मिनिटं शिक्षण, धर्म, जात, लग्नाचं वय आणि घरातलं सामानच विचारत बसल्या. यात काही काळंबेरं आहे का?

नाही. मी सहा वर्षं अशाच प्रश्नावल्या घेऊन पाचपावली आणि हिंगण्याकडच्या गावांत फिरले. 'कशाले पायजे तुमाले हे?' हे रोजचंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा एक आकडा घ्या. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. पण शहरात हेच प्रमाण १४.७ आणि खेड्यात २७. घराची-माणसाची ही माहिती टिपणारं पहिलं पान कोरं ठेवलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

सामानाची गोष्ट गमतीची आहे. पगार विचारला तर खरं कोण सांगतं? आणि नव्या सुनेला नवऱ्याचा पगार ठाऊक असतोच असं नाही. म्हणून या सर्वेक्षणात गादी, कुकर, पंखा, फ्रिज, मोटरसायकल असं विचारून घराची ऐपत ठरवतात. त्या यादीत एसी आणि कूलर एकाच ओळीत आहेत. आता मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो, इथे पत्र्याच्या खोलीतही वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असतो. त्या 'हो'ला मुंबईतल्या एसीच्या पंगतीला बसवलेलं मला कधीच पटलं नाही.

जातीचा रकाना सर्वांत नाजूक. '१४ ऑक्टोबर १९५६ लाच जात सोडली आम्ही,' असं एका आजींनी मला दारातच सुनावलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. मी धर्म 'बौद्ध' लिहिला आणि प्रवर्ग वेगळा विचारला, कारण १९९० पासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश आहे. तो रकाना रिकामा राहिला तर त्या घरातली मुलगी तक्त्यात भलत्याच गटात जाते. हलबा-कोष्टी या विणकर समाजाच्या घरांत तर प्रवर्ग म्हटलं की अनुसूचित जमातीच्या दाव्यावरून चाललेल्या कोर्टाची अख्खी कहाणी निघते. चहा होतो तेवढ्यात.

वय मात्र तीन बाजूंनी विचारावं लागतं: जन्म, लग्न, पहिलं मूल. एकीनं लग्नाच्या वेळी १९ पूर्ण होते असं सांगितलं. सासू शेजारीच मेथी निवडत होती. मुलगा कधी झाला? 'मारबत निघाली त्या दिवशी.' कोणत्या वर्षी? 'लॉकडाउनच्या आदल्या.' म्हणजे २०१९ च्या पोळ्याचा दुसरा दिवस. तिच्या शाळेच्या टीसीवरचं (दाखल्यावरचं) जन्मसाल धरून बोटांवर हिशोब केला, तर १९ काही बसेना. मी काही बोलले नाही. सासू पाणी आणायला उठली तशी तीच हळूच म्हणाली, 'सोळा लिवा.'

एवढ्यासाठीच आम्ही एकटीशी बोलायला मागतो. वहिनींना सांगा, नको वाटेल तो प्रश्न सोडायचा हक्क त्यांना आहे, मधेच उठायचाही. संमतीपत्र वाचून दाखवलं होतं का, तेवढं विचारा. नसेल तर त्या बाईंना परत बोलवा आणि आधी ते वाचायला लावा.