घरची वाइन मंडळाच्या लिलावात द्यावी का?

कॅलिफोर्नियातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "माझं माहेर नाशिकचं. लोडायच्या मळ्यातून झिनफँडेलची द्राक्षं आणून आम्ही दरवर्षी घरी वाइन करतो. यंदा मंडळ दिवाळीच्या कार्यक्रमात गावाकडच्या शाळेसाठी निधी जमवणार आहे. आमच्या बाटल्या सायलेंट ऑक्शनमध्ये (कागदावर आकडा लिहून बोली लावायच्या लिलावात) ठेवाव्यात असा सगळ्यांचा आग्रह आहे. कायद्याने चालेल का? आणि करसवलत मिळेल का?"

ताई, वाइन करण्याबद्दलची धास्ती आधी मनातून काढून टाका. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही. म्हणून आपल्यातल्या अनेकांना इथेही आपण काहीतरी लपूनछपून करतोय असं वाटत राहतं. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यानुसार घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन आणि एकच असेल तर १०० गॅलनपर्यंत वाइन कर न भरता करता येते. २०० गॅलन म्हणजे जवळजवळ हजार बाटल्या. तुमची वाइन त्या मर्यादेत नक्कीच बसत असेल. (ही सवलत गाळलेल्या दारूला नाही. घरी फेणी गाळायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो तिथेच सोडावा.)

अडचण येते ती पैशांपाशी. ही वाइन घरच्यांसाठी असते. ती घराबाहेर, स्पर्धेत किंवा चाखण्याच्या कार्यक्रमात नेता येते. मात्र ती कोणत्याही परिस्थितीत विकता येत नाही, विकायला ठेवताही येत नाही, असं फेडरल नियम स्पष्ट सांगतो. सायलेंट ऑक्शनच्या कागदावर कुणी बाटलीपुढे आकडा लिहिला की ती विकायला ठेवल्यासारखीच झाली. पैसे शाळेला जाणार आहेत म्हणून व्यवहाराचं स्वरूप बदलत नाही. ग्लासशेजारी 'ऐच्छिक देणगी'चा डबा ठेवला किंवा प्रवेशाच्या तिकिटात एक ग्लास 'फुकट' दिला, तरी अधिकारी त्याला विक्री म्हणू शकतात. मंडळं या पळवाटा अगदी चांगल्या मनाने काढतात, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते.

तुमच्या राज्याचा कायदा मात्र उदार आहे. कॅलिफोर्नियात घरची वाइन ना-नफा संस्थेला निधी उभारणीच्या कार्यक्रमासाठी देता येते. ती देणारे तुम्ही, पण वाढायची किंवा विकायची संस्थेने, आणि तेही संस्थेच्या नावावर परवाना असेल तरच. बाटलीवर लेबलही हवं: वाइन कुणी केली, ती घरगुती आहे आणि विक्रीसाठी किंवा पुनर्विक्रीसाठी उपलब्ध नाही. राज्य एक म्हणतं आणि फेडरल नियम दुसरंच, हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आहे ते असं आहे. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी राज्याच्या एबीसी (मद्य नियंत्रण) खात्याच्या स्थानिक कार्यालयात एका दिवसाच्या परवान्यासाठी अर्ज करताना, वाइन घरची आहे आणि ती लिलावात ठेवायची आहे, हे आधीच सांगून लेखी उत्तर घ्यावं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून हे जमणार नाही.

माझं मत विचाराल तर बाटल्या लिलावात ठेवूच नका. त्याऐवजी द्राक्षं चेचण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं शिकवायचा एक दिवस लिलावात ठेवा. लोक तुमच्या कसबासाठी बोली लावतील आणि वाइन विकायचा प्रश्नच उरणार नाही. बाटल्याच हव्या असतील तर दुकानातून विकत घेतलेल्या ठेवा. अर्थात त्यांनाही परवाना लागतो का, हे एबीसीला विचारावंच लागेल.

हॉलच्या करारात दारूबद्दल काय लिहिलं आहे आणि मंडळाच्या विम्यात मद्यामुळे येणारी जबाबदारी धरली आहे का, हे दोन्ही कागद समितीने स्वतः वाचावेत. दिवाळीला मुलं टेबलांमधून पळत असतात. त्यामुळे वाइनचं टेबल वेगळं ठेवा आणि तिथे एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ उभा करा. २१ वर्षांखालच्या कुणालाही ग्लास जाता कामा नये, मग तो कॉलेजातून सुट्टीला आलेला पुतण्या का असेना.

करसवलतीबद्दलही विचारलं आहे. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर वजावट मिळू शकते, पण साधारणपणे द्राक्षं, यीस्ट आणि बाटल्यांवर झालेल्या खर्चाइतकीच. लोक बाटलीला किती किंमत देतील, तो आकडा धरता येत नाही आणि तुमच्या मेहनतीचा तर अजिबातच नाही. देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर मंडळाकडून लेखी पोच घ्या.

इतर राज्यांतल्या वाचकांनी कॅलिफोर्नियाचा नियम आपल्याला लागू आहे असं समजू नये. आपल्या राज्याच्या मद्य खात्याला विचारावं. आणि दुसऱ्या गावच्या मंडळाला बाटल्या पाठवायच्या असतील तर टपालाने पाठवू नका. अमेरिकेच्या टपालातून दारू पाठवायला मनाई आहे. यूपीएस आणि फेडेक्सही ती फक्त परवानाधारकांकडूनच घेतात.